उघड्या डोळ्यांचं ध्यान

कडुलिंबाला मोहोर आला की मी बेचैन होतो. इतर माणसं त्या वासानं खूश होतात, पाडवा जवळ आला म्हणतात. मला परीक्षा आठवते. तीही माझी नव्हे, माझ्या मुलीची, आणि दोन वर्षांपूर्वीच होऊन गेलेली. तरीही दुकानासमोरच्या झाडाचा तो बारीक पांढरा चुरा पायरीवर पडायला लागला की मी नकळत मनगटावरचं घड्याळ बघतो आणि मग स्वतःवरच चिडतो.

दिंद्रुडला आमचं भांड्यांचं दुकान आहे, मागच्या भिंतीला लागून घर. या दिवसांत लग्नसराई असते आणि आहेराच्या भांड्यांवर नावं टाकून टाकून बोटं बधिर होतात. नाव टाकायचं एक छोटं यंत्र असतं, त्याची सुई टरटरत पत्र्यावर ठिपके पाडत जाते. परवा तेच काम चाललं होतं. समोर स्टुलावर शेजारच्या गावचा एक शेतकरी बसला होता, भाच्याच्या लग्नाची पाच भांडी घ्यायला आलेला. दोन भांडी झाली असतील, तेवढ्यात तो म्हणाला, "अप्पा, तुमच्या पोरीला ध्यानाचा लई गुण आला म्हनं. आमची बी यंदा मेडिकलच्या परीक्षेला बसायलीय. रडती नुसती. तिला कोन्तं ध्यान लावू?"

माझी सुई घसरली. नवरीच्या नावाला एक शेपूट फुटलं. मी त्याला चहा पाजला, भांडं बदलून दिलं आणि उत्तर टाळलं. कारण खरं उत्तर लांब आहे आणि त्यात मी काही चांगला दिसत नाही.

शिवकन्या माझी थोरली. पहिल्यांदा त्या परीक्षेला बसली तेव्हा पेपर सुटल्यावर बाकीची पोरं बाहेर येऊन उत्तरं जुळवायला लागली होती. ही सगळ्यांत शेवटी आली, ओढणीचं टोक मुठीत आवळून. चाळीस मिनिटं तिला अक्षरंच दिसली नव्हती. श्वास गळ्याशी येऊन अडकला, हातापायांना मुंग्या आल्या, समोरचा कागद नुसता काळा. हे तिनं आईला सांगितलं आणि आईनं मला. मला थेट का सांगितलं नाही, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

माजलगावच्या डॉक्टरांनी छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली. काही नाही, भीती आहे, ध्यान करायला लावा, म्हणाले. पाणी जास्त प्या सांगावं तितक्या सहज. कोणतं ध्यान, असं मी विचारेपर्यंत त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती. पोरीनं पुन्हा एकदा परीक्षा द्यायची असं घरात ठरलं. म्हणजे मी ठरवलं आणि कुणी नाही म्हणालं नाही. आता सगळा खेळ त्या श्वासाचा होता. अभ्यास तिला येत होता. तो श्वास पुन्हा अडकला तर वर्ष तर जाईलच, पण पोरही हातची जाईल अशी धास्ती मी घेतली होती.

माझ्या दुकानात बाई साधी वाटी घ्यायला आली तरी ती उलटी करते, बूड बघते, टिचकी मारून आवाज ऐकते, काठावरून बोट फिरवते. ठेवते, पुन्हा उचलते. "तुमच्या हाताला बसतंय का बघा," हे वाक्य मी दिवसातून पन्नासदा म्हणतो. आणि माझ्या पोरीसाठी ध्यान निवडताना मी तिला ते हातातसुद्धा घेऊ दिलं नाही.

आधी मोबाईलवरचं आणलं. त्यात एक गोड आवाजाची बाई सांगायची, तुम्ही समुद्रकिनारी बसला आहात, लाटेबरोबर श्वास आत घ्या, लाटेबरोबर सोडा. आमच्या घराण्यात समुद्र कुणी पाहिलेला नाही. मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण. चौथ्या दिवशी शिवकन्या म्हणाली, लाट माझ्या आधीच माघारी जाते, मग मी मागं राहिल्यासारखं वाटतं. मी म्हणालो, लक्ष दे, जमेल. मग शिरूर कासारचे माझे मेहुणे मदतीला आले. ते ध्यानाच्या शिबिराला जाऊन आलेले आणि खरोखर निवलेले. पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तर ताट अंगणात जायचं, आता मीठ मागून घेतात. त्यांनी सांगितलं, काही करायचं नाही, नुसता श्वास बघायचा. त्यांना ते लागू पडलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जिला श्वासाचीच दहशत बसली आहे तिला दिवसातून दोनदा श्वासाच्याच पुढ्यात नेऊन बसवायचं, ही अक्कल माझी. ती बसायची आणि श्वास बघता बघता तिचा खांदा वर चढत जायचा.

त्यानंतर तिच्या आईनं जप सुचवला. पंचाक्षरी मंत्र, लहानपणापासून कानावरचा. आठवडाभर बरं चाललं होतं. मग मला राहवलं नाही. मी बोटात घालायचं, बटण दाबलं की आकडा पुढे सरकवणारं यंत्र आणलं आणि भिंतीवर एक तक्ता चिकटवला. काल अकराशे, आज तेराशे. बघता बघता जपाचीही सराव परीक्षा झाली.

आणि हे सगळं चालू असताना मी कुठे होतो? समोर. सकाळी सहाला पाटावर ती, समोर खुर्चीत मी, घड्याळ काढून हातात धरलेलं. वीस मिनिटं. तिची पापणी हलली तरी मला दिसायची. वेळ झाली की माझा एकच प्रश्न असायचा, लागलं का ध्यान? ती म्हणायची, लागलं. शहाणी पोरगी, बापाला दुखवत नव्हती.

फाल्गुनात एका सकाळी ती त्या पाटावरच कोलमडली. डोळे मिटलेले, बोटं वळलेली, तोंड उघडं आणि आत हवा जात नाही. मी उठून पंखा वाढवला, पाणी आणलं, नाव घेऊन हाका मारल्या आणि मध्येच हातातल्या घड्याळाकडे बघितलं. किती वेळ झाला ते. हे तिच्या आईनं पाहिलं. लेकीला मांडीवर घेऊन बसली आणि माझ्याकडे वर न बघता म्हणाली, "कावून छळायलात हो लेकराला?" बावीस वर्षांच्या संसारात तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं.

तिनंच मग चन्नय्या स्वामींना बोलावणं धाडलं. आम्ही लिंगायत. स्वामी आमचे जंगम, म्हणजे घरचे गुरू. शिवकन्या आठ वर्षांची असताना तिच्या गळ्यात इष्टलिंग त्यांनीच बांधलं होतं. आमच्या घरात लहानथोर, बाया-पुरुष सगळ्यांच्या गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी असते, डबीत लिंग असतं. ते अंगावेगळं करायचं नाही, अशी रीत आहे. रोज डाव्या तळहातावर ते घेऊन बसायचं, नजर लावायची, हीच खरी पूजा. पण आमची पूजा म्हणजे आंघोळ झाली की डबी उघड, भस्म लाव, नमस्कार कर, डबी मीट. शटर वर जायच्या आत सगळं उरकलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते कळसे विकणाऱ्यानंच खरं करून दाखवलं.

स्वामी आले, पाय धुतले, शिवकन्येसमोर मांडी घालून बसले. माझ्याकडे त्यांनी काही चौकशी केली नाही. मी आपणहून मोबाईल, श्वास, जप असं सगळं सांगायला लागलो तर हात वर करून थांबवलं. पोरीला विचारलं, "डोळे मिटल्यावर काय दिसतं ग बाई तुला?"

ती माझ्याकडे बघायला लागली. स्वामींनी तिची नजर पाहिली आणि म्हणाले, अप्पा, परसातून जरा बेलाची पानं आणा. पानं त्यांच्यासमोर तबकात होती, मीच सकाळी धुऊन ठेवलेली. मी उठलो. परसात गेलो नाही, दाराआड उभा राहिलो, हे कबूल करतो.

मग ती म्हणाली, "पप्पा दिसतात. घड्याळ घेऊन बसलेले."

मग मात्र मी परसात गेलो. बेलाच्या बुंध्याला हात लावून उभा राहिलो. आधी मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. हिच्यासाठी पहाटे उठतो, हिच्यासाठी चार गावं पालथी घालतो आणि हिला मी असा दिसतो? मग राग ओसरला आणि अशी लाज वाटली की आत जायला पाय उचलेना. माझी माया तिच्यापर्यंत पोचताना त्या मायेचं असं काही होत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. काटा टोचला म्हणून बोट तोंडात घातलं तेव्हा कळलं की मी खरोखरच पानं तोडायला लागलो होतो.

ती पानं घेऊन आत आलो तेव्हा स्वामी तिला सांगत होते, "मग मिटूच नको की. आपल्यात डोळे मिटायला सांगितलंय कुनी? लिंग तळहातावर घे. पुढं दिवा ठिव. काळ्या लिंगात त्या दिव्याचा ठिपका दिसंल, तेवढाच बघायचा. थकलीस की ठिव." मग माझ्याकडे वळून म्हणाले की हे तिला बसतंय का ते तीच बघेल, नाही बसलं तर दुसरं शोधेल, तुम्ही तेवढं त्या खोलीत येऊ नका. निघताना उंबऱ्यात थांबून चपला घालता घालता आणखी म्हणाले, "ह्ये समद्यांला बसतं असं न्हाई बरं का. माझ्या थोरल्याला न्हाई बसलं. तो विहिरीत पवतो, तवा कुटं गार व्हतो."

त्याच दुपारी जेवताना माझं लक्ष तिच्या ताटाकडे गेलं. क्लास लावला त्या दिवशी मी दुकानातलं सगळ्यांत जड ताट काढून त्यावर हौसेनं नाव टाकलं होतं, डॉ. शिवकन्या. आमच्या धंद्यात लेकरांचं कौतुक असंच करतात, भांड्यावर नाव टाकून. भाकरी उचलली की खालून ती अक्षरं वर यायची. दोन वर्षं, दिवसातून दोनदा. नाव टाकलेलं भांडं आम्ही परत घेत नाही, कारण ते पुसता येत नाही, हे मी गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगतो. तरी ते ताट दुकानात नेऊन पॉलिशच्या चाकावर धरलं. अक्षरं गेली नाहीत, भोवतीचा पत्रा तेवढा पांढराफटक पडला. शिवकन्या मागे येऊन उभी होती. "राहू द्या पप्पा," म्हणाली, आणि फळीवरून स्वतः एक ताट उचललं. उलटं केलं, टिचकी मारली, ठेवलं, दुसरं घेतलं. शेवटी तिनं घेतलं ते पातळ होतं, लवकर पोचे पडतील असं. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

ते दोन महिने मला अजून अंगावर येतात. सकाळी सहाला आतल्या खोलीचं दार लागायचं आणि मी बाहेर. काय करावं सुचायचं नाही. दुकान तीन तास आधीच उघडायला लागलो. रचलेली पातेली उतरवून पुन्हा रचायची. शेताकडून कडब्याच्या गाड्या यायच्या, रस्त्यावर धाटं सांडायची, ऊन सातलाच पाठीवर चढायचं आणि माझे कान घराकडे. कधी ती तीन मिनिटांत बाहेर यायची, कधी अर्ध्या तासानं. एकदा डोळे ओले होते. विचारायचं नाही. दोनदा तरी तिचा श्वास पुन्हा अडकला, मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, आणि मी पातेल्याचा काठ धरून उभा राहिलो. आत तिची आईही गेली नाही. हळूहळू तो आवाज आपोआप उतरला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. गुण आला म्हणणाऱ्यांनी ते दिवस पाहिलेले नाहीत. मधून एखाद्या दिवशी ती आपणहून म्हणायची, आज ठिपका हलत नव्हता. तेवढ्यावर मी आठवडा काढायचो.

परीक्षा बीडला होती. तेलगाव, वडवणी करत आम्ही सकाळीच पोचलो. पण उन्हात पोरगी कोमेजू नये म्हणून तिला केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे कूलरपुढे बसवून ठेवायचं आणि अगदी ऐनवेळी न्यायचं, असं वेळापत्रक मी आखलेलं होतं. न विचारण्याचं व्रत घेतलेल्या माणसानं वेळापत्रक मात्र सोडलं नव्हतं. फाटकाशी गेलो तेव्हा बंद व्हायला जेमतेम दहा मिनिटं राहिली होती. तपासणारी बाई सभ्य होती. तिनं शिवकन्येच्या गळ्यातली डबी पाहिली आणि धातूचं आत चालत नाही म्हणाली. मी म्हणालो, ताई, हे दागिना नाही, देव आहे, आमच्यात अंगावेगळा करत नाहीत. ती म्हणाली, तसं असेल तर सूचनेत लिहिलंय ना, आधी तास-दीड तास यायचं, वेगळी तपासणी होते, साहेब ठरवतात. आता साहेब कुठे शोधू?

ती सूचना मी दहा वेळा वाचली होती. पेन, फोटो, बुटांऐवजी चप्पल, सगळं पाठ. डबी रोजच गळ्यात असते म्हणून ती तपासणीत येईल हे डोक्यातच आलं नाही. मी आवाज चढवला. बोलता बोलता मनगटाकडे बघत होतो, आठ मिनिटं, सात मिनिटं, आणि मला दिसलं की शिवकन्येचा खांदा वर चढायला लागलाय. तो खांदा मी ओळखतो.

"पप्पा, तुमी गप बसा," ती म्हणाली.

तिनं दोरा डोक्यावरून काढला. आठव्या वर्षापासून अंगावर असलेली डबी माझ्या डाव्या तळहातावर ठेवली, माझी बोटं वरून मिटली आणि आत गेली. वळून बघितलं नाही.

आमच्यात दुसऱ्याचं लिंग गळ्यात घालत नाहीत. ते खिशात कोंबायचं नाही, जमिनीला टेकवायचं नाही. मी एका झाडाच्या तुटपुंज्या सावलीत उभा राहिलो, डावा हात छातीपुढे धरून. बसलो नाही. सावली सरकली, मी थोडा सरकलो, मग कंटाळून उन्हातच राहिलो. एका मुलाच्या वडिलांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती उजव्या हातानं घेतली. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की हात असा उताणा धरला की घड्याळाची तबकडी खाली जाते. हात वळवला असता तर वेळ दिसली असती. वळवला नाही. ध्यान लागलं वगैरे मी म्हणणार नाही, मला कधीच लागलेलं नाही. मला भीती वाटत होती. फक्त त्या दुपारी पहिल्यांदा कळलं की ती माझीच आहे. इतकी वर्षं ती मी पोरीच्या नावावर सांभाळत होतो.

निकालाचं विचाराल तर एमबीबीएस काही मिळालं नाही. शिवकन्या लातूरला फिजिओथेरपी शिकते आणि परवा फोनवर म्हणाली की तिथं खोलीत तिघी असतात, दिवा लावून बसता येत नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी गच्चीवर अर्धा तास नुसती चालते. तेही बसतंय म्हणाली. मी बरं म्हणालो. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मला एवढंच माहीत होतं की आत तिच्या हातात काही नाही.

फाटक उघडलं. पोरं बाहेर आली. ती पहिल्या घोळक्यात नव्हती, शेवटचीही नव्हती. चेहऱ्यावरून काही कळेना. प्रश्न जिभेवर आला, मी दात आवळले आणि हात पुढे केला. बोटं आखडून गेली होती, उघडेनात. तिनं एकेक करून उघडली. डबी कपाळाला लावली, गळ्यात घातली.

"मधी अडकला होता श्वास," ती म्हणाली. "तळहात बघितला, तर त्यात काहीच दिसंना. मग म्हनलं होऊ दे काय व्हायचं ते. डोळे मिटले."

मी मोकळा हात तसाच पुढे धरून राहिलो.

"तुमीच दिसलात. इथं उन्हात, हात असा धरून उभे."

"अन् घड्याळ?" माझ्या तोंडून गेलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी दाराआड कोण होतं ते तिला तेव्हा कळलं असावं. रागावेल असं वाटलं. रडेल असंही वाटलं. तिनं माझं आखडलेलं मनगट दोन्ही हातांत धरून सावकाश वळवलं, किती वाजले ते बघितलं आणि म्हणाली, "न्हाई दिसलं. चला, तुमी जेवला नसताल."